उत्तरेच्या खोलीचे कोडे: ऊन सापडले

मार्चमध्ये स्लॅबला चुन्याचे तीन हात दिल्यावर छताच्या आतल्या बाजूचे कमाल तापमान जवळजवळ चार अंशांनी उतरले, हे मागच्या नोंदीत लिहिले होते. एप्रिलभर सेन्सरच्या नोंदींवरून काढलेला तापमानाचा आलेख तसाच राहिला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र उत्तरेच्या खोलीने सगळे गणित विस्कटून टाकले. घरातली सर्वांत थंड खोली म्हणून आईची खाट जिथे हलवली होती, तीच खोली संध्याकाळी साडेसहाला ३५.१ अंश दाखवू लागली, आणि दक्षिणेची खोली त्याच वेळी ३३.६ अंशांवर होती.

पहिला संशय सेन्सरवर गेला. स्वस्तात मिळालेल्या डीएस१८बी२० या तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या जोडांवर आमच्या रत्नागिरीकडच्या खाऱ्या हवेने हिरवट थर चढवला होता आणि अधूनमधून ८५ अंशांचा आकडा येत होता. हा आकडा म्हणजे तापमान नव्हे, तर वीजपुरवठा तुटून सेन्सर नव्याने सुरू झाल्याची खूण. नळीत बंद केलेले सेन्सर थोडे महाग पडले तरी किनाऱ्यावर तेच घ्यावेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे. नवे सेन्सर बर्फाच्या पाण्यात तपासून लावले, तरी आलेख तोच.

दुसरा संशय स्लॅबवर होता, आणि यातच माझे आठ दिवस गेले. दुपारी तापलेल्या पाच इंची स्लॅबची उष्णता आत पोहोचायला काही तास लागतात, त्यामुळे छताचे कमाल तापमानही संध्याकाळीच येते. चुना उडाला असेल असे समजून मी आणखी एक हात दिला, पण काहीही फरक पडला नाही. शेवटी छताचा आणि हवेचा आलेख एकावर एक ठेवून पाहिले, तेव्हा छत जागच्या जागी होते आणि साडेपाचनंतर अर्ध्या तासात फक्त खोलीतल्या हवेचे तापमान वर चढत होते. जांभ्याच्या नऊ इंची भिंतीतून उष्णता इतक्या लवकर येणे शक्यच नाही. तिला आत यायला रात्र व्हावी लागते. म्हणजे ती काचेतूनच येत होती.

त्या संध्याकाळी खोलीत बसून राहिलो. साडेपाचला खिडकीच्या पूर्वेकडच्या चौकटीवर बोटभर रुंदीची उन्हाची पट्टी उमटली आणि सव्वासहापर्यंत ती खाटेच्या पायापाशी पोहोचली. रत्नागिरीत ८ मेच्या आसपास सूर्य डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारीही तो उत्तरेकडे असतो. मेच्या मध्यावर तो मावळतो पश्चिमेच्या सुमारे २० अंश उत्तरेला. छज्जा दुपारच्या उभ्या उन्हाला पुरतो, पण मावळतीच्या आडव्या किरणांपुढे त्याचा काहीच उपयोग नाही. दक्षिणेकडे तर या दिवसांत थेट ऊन पोहोचतच नाही, आणि मी छज्जा वाढवायला निघालो होतो तो नेमका तिथेच.

लगेच झावळ्यांचा एक झाप खिडकीबाहेर टांगला. दुसऱ्या दिवशी साडेसहाला ३३.४ अंश! आतला पडदा हे करू शकत नाही, कारण ऊन काचेतून आत आले की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. अडथळा काचेच्या बाहेरच हवा. आईने त्या रात्री पंखा एक घर कमी केला, याचे समाधान आकड्याहून मोठे आहे.

झापाने वारा मात्र अडतो आणि दुपारचे खारे वारे याच बाजूने येतात. म्हणून काचेवर ऊन अडवणारी फिल्म लावण्याचा विचार होता, पण हे लिहिताना कागदावर कोन मांडला आणि तो बेत सोडला. सूर्य भिंतीच्या रेषेपासून फार तर २० अंश बाहेर येतो, त्यामुळे चार फुटी खिडकीच्या पश्चिम कडेला भिंतीशी काटकोनात दीड फूट आडोसा उभा केला तरी पूर्ण काच सावलीत राहील. तो बिजागरीवर बसवला तर सूर्य मावळल्यावर भिंतीला टेकवता येईल आणि वाराही मोकळा राहील. जूनमध्ये सूर्य आणखी उत्तरेला सरकतो, पण तोवर ढग आलेले असतात. सुताराला उद्याच बोलावतो आहे. फळ्या आंब्याच्या की बांबूच्या चटईचा पडदा, एवढेच ठरायचे आहे.