पोळा, चिखल अन् माहा कॅमेरा

आज पोळ्यात भाच्याचा जुना डीएसएलआर घेऊन गेलो. ऑटो मोडवर ठेवून बेगड लावलेली शिंगं, झुली काढत होतो, झडत्या (पोळ्यात म्हणतात ती गाणी) सुरू होत्या तोवर सगळं बरोबर. तोरण तुटलं, बैल पळाले अन् फोटोत बैल कमी, भूतं जास्त! आभाळ आलं होतं नं, ऑटोनं शटर १/६० सेकंदावर आणून ठेवलेलं, पळत्या बैलासाठी लय हळू. मग डायल शटर प्रायॉरिटीवर, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवाचा त्या मोडवर, फिरवली (कॅननवर तिथं टीव्ही लिहिलं असते, मी लय दिवस ते टीव्हीले जोडाचं समजत होतो), शटर १/१००० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, अन् शेवटच्या जोडीच्या खुराखालचा चिखल थेंब थेंब दिसला पाहा!

लेन्स बदलाची होती पण भुरभुर सुरू होती, आत फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर पाणी गेलं तर संपलंच, म्हणून हात आवरला. एका गोऱ्ह्यानं धक्का देल्ला तवा कॅमेऱ्याचा पट्टा माह्या गळ्यात होता म्हणून तो वाचला. घरी आलो तं आई म्हणे चुलीपाशी ठेव, सुकते. म्या बंद करून बॅटरी काढली, कोरड्या फडक्यानं पुसला, सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवला.

आई पाहातच होती. म्हणे, बैलाले कधी इतकं पुसलं का रे?