नणंदेने आणलेली बाटली

पाळी जाऊन आता चार वर्षं झाली, अंगातून वाफा निघणं, रात्री उशी भिजणं हे सगळं कसंबसं निभावलं पण थकवा काही जाईना. दुपारचे तीन वाजले की हातपाय गळायचे, कणीक मळता मळता मध्येच स्टूल ओढून बसायला लागायचं. मागच्या दिवाळीत नणंद न्यू जर्सीहून आली, चॉकलेटं, बदाम, आणि माझ्यासाठी स्पेशल एक बाटली. डीएचईए नावाच्या गोळ्या, 25 मिलिग्रॅम. "वहिनी, तुझ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्यात, मी पण घेते, माझ्या मैत्रिणी पण घेतात." तिकडे हे व्हिटॅमिन सीच्या शेजारी मिळतं म्हणे, 1994 च्या कायद्यापासून सप्लिमेंट म्हणून विकतात, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. मला वाटलं च्यवनप्राशाचाच कुठलातरी प्रकार असेल.

आणि लॉजिक पटण्यासारखंच होतं हो. अ‍ॅड्रिनल म्हणजे किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी, त्या डीएचईए बनवतात, शरीर त्यातूनच पुढे थोडं इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन करतं. पाळी गेल्यावर ओव्हरीचं दुकान बंद, मग हाच काय तो आधार, आणि विशीत भरपूर असतं ते सत्तरीपर्यंत दहा-वीस टक्क्यांवर येतं. कमी पडलं तर भरा, टाकीत पाणी सोडतो तसं.

पहिले पंधरा दिवस फ्रेश वाटलं (सुट्टी पण होती, नणंद स्वयंपाकाला मदत करत होती, तो भाग वेगळा). दुसऱ्या महिन्यात गालावर मुरुम. त्रेपन्नाव्या वर्षी! लेक खो-खो हसली. मग पार्लरमधली मुलगी भुवया करता करता म्हणाली, काकू, हनुवटीपण करायची का? ते मात्र लागलं मला.

शेवटी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे गेले, लेकीच्या वयाची मुलगी, बाटली हातात घेऊन म्हणाली "काकू, हे व्हिटॅमिन नाही हं, हार्मोन आहे." मुरुम आणि राठ केस त्याचेच. आणि अ‍ॅड्रिनल थकणे असा आजारच एंडोक्रायनॉलॉजीत नाही. ग्रंथी खरोखर काम करेनाशी होते तो अ‍ॅडिसन्स, त्यात वजन उतरतं, बीपी खाली जातं, कातडी काळवंडते, आपल्याकडे टीबीमुळेही होतो, आणि त्याची औषधं वेगळी. सकाळी आठचं कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनलचंच हार्मोन, रक्तात तपासतात) करायला लावलं, नॉर्मल. बी-12 मात्र तळाला गेलेलं आणि हिमोग्लोबिन साडेनऊ. म्हणजे मी तीन महिने भलत्याच टाकीत पाणी भरत होते.

घरी येऊन मी वाचत बसले (रात्री झोप कुठे लागते). 2015 मध्ये कॉक्रेनने (जगभरचे वैद्यकीय अभ्यास तपासणारी संस्था) पाळी जायच्या वेळच्या आणि त्यानंतरच्या बायकांवरचे 28 अभ्यास एकत्र तपासले, डीएचईएने आयुष्य सुधारल्याचा भक्कम पुरावा सापडला नाही, मुरुमांसारखे त्रास मात्र सापडले. योनीमार्गात ठेवायची गोळी असते त्याची, कोरडेपणाने संबंधाच्या वेळी दुखतं त्यासाठी, ती अमेरिकेत 2016 ला मंजूर झाली, पण ते प्रिस्क्रिप्शनवर आणि त्या एका कामापुरतं. अजून एक वाचून तर हादरलेच, 2018 मध्ये अमेरिकेत अ‍ॅड्रिनल सपोर्टच्या नावाने विकली जाणारी 12 सप्लिमेंट तपासली तर बाराच्या बारांत थायरॉइड हार्मोन आणि सातांत स्टेरॉइड हार्मोन. लेबलवर पत्ता नाही! माझी तशी नव्हती, साधी डीएचईए, पण नशीबच म्हणायचं.

आता बी-12 ची इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पोट बिघडतं पण तीन वाजताचं स्टूल सुटलंय.

एक मात्र डोक्यातून जात नाही. डॉक्टरने विचारलं होतं, घरात कुणाला ब्रेस्ट कॅन्सर? कारण याचं इस्ट्रोजेन होतं ना. मी म्हणलं सासूबाईंना होता, तर ती हसली, काकू, तुमचं रक्ताचं कोण ते सांगा. रिक्षात बसल्यावर ट्यूब पेटली. सासूबाई म्हणजे नणंदेची आई.

परवा व्हिडिओ कॉलवर विचारत होती, बाटली संपली का, दुसरी पाठवू का? मी म्हणलं, आहे अजून. पुढचं तोंडातून निघेना. रविवारी ह्यांना शेजारी बसवून फोन करणार आहे.