गोळी गिळली कधी?

काकांना फुफ्फुसाचा टीबी, वजन ४९ किलो. बाजारात हमाली, जोडीला जुना मधुमेह. दोन महिने रोज गोळ्या घेऊनही थुंकी पॉझिटिव्हच, म्हणजे तिच्यात टीबीचे जंतू दिसतच होते. बरं, जंतू चिवट म्हणावेत तर तेही नाही. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड, टीबीची ही दोन्ही मुख्य औषधं लागू पडतात असाच रिपोर्ट होता. तक्त्याप्रमाणे ३५ ते ४९ किलोला तीन गोळ्या, म्हणजे ४५० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन, आणि ५० किलोपासून चार. एका किलोने काकांची चौथी गोळी हुकली होती.

रिफाम्पिसिन रक्तात पोचतंय का, हे बघायला गोळीनंतर दोन आणि सहा तासांनी रक्त घेतलं. दोन तासांचा आकडा शून्य! सहा तासांचा ३.६. खरं तर दोन तासांच्या आसपास लिटरला किमान ८ मिलिग्रॅम तरी दिसायला हवं.

“मधुमेह आहे, पोट उशिरा रिकामं होत असणार,” रेसिडेंट डॉक्टर म्हणाला. मलाही ते पटलं, अगदी पुस्तकातलं उत्तर. पण आमचं कॉम्प्युटरवरचं गणिती मॉडेल अडून बसलं. अनेक रुग्णांच्या रक्तातला औषधाचा चढउतार त्यात आधीच भरलेला असतो. त्यात काकांचं वजन, उपचाराचा दिवस आणि हे दोन आकडे घालायचे, की त्यांचा स्वतःचा आलेख निघतो. इथे तो काही केल्या जुळेना. गोळीची वेळ आठऐवजी साडेदहा घातली आणि रेघ दोन्ही ठिपक्यांवर अलगद बसली.

मी वॉर्डात गेले. “काका, त्या दिवशी गोळ्या किती वाजता घेतल्या?”

बराच वेळ गप्प. मग, “मॅडम, उपाशीपोटी मळमळतं हो. खिशात ठेवल्या होत्या. साडेदहाला वडापाव खाल्ला, मग घेतल्या.”

फॉर्मवर मात्र ‘सकाळी ८’. ती गोळ्या हातात दिल्याची वेळ होती.

पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त घेतलं. या वेळी मळमळीवरचं औषध आधी देऊन, उपाशीपोटी, माझ्यासमोर. दोन तासांना ४.१ आणि सहा तासांना ०.९. म्हणजे वडापाव बाजूला ठेवला तरी औषध कमीच पडत होतं. मॉडेलमध्ये ६०० मिलिग्रॅमचा डोस घालून पाहिला, ८ गाठेना; ७५० ला गाठलं. रिफाम्पिसिनचा डोस वाढवला की रक्तातलं प्रमाण त्याहून जास्त पटीने वाढतं, म्हणून ९०० च्या मोहात पडलो नाही. ३०० ची एक सुटी कॅप्सूल वाढवली आणि यकृताच्या तपासण्या लावून दिल्या.

नमुन्याच्या फॉर्मवर त्याच दिवशी मी पेनने एक रकाना आखला: ‘गोळी गिळताना कोणी पाहिलं?’