तीन दिवस कोलोनमध्ये? केलंत काय?

तुम्ही विचारलंत म्हणून जर्मनीतल्या या कोलोन शहराबद्दल सांगते. तसं तुम्ही एकट्यांनीच विचारलेलं नाही. नणंदेने विचारलं, सोसायटीतल्या तिघींनी विचारलं, दाताच्या डॉक्टरीणबाईंनी तर माझं तोंड उघडं असताना विचारलं. "तीन दिवस कोलोनमध्ये? आमच्या टूरने अर्ध्या तासात उरकलं! चर्च बघितलं, फोटो काढले, बसमध्ये बसलो."

खोटं नाही ते. पहिल्या सकाळी डोमसमोर असाच एक आपल्याकडचा ग्रुप भेटला. त्यातल्या एका काकूंनी आमचं मराठी ऐकून अगदी हक्काने हाक मारली आणि विचारलं, "बाथरूम कुठं हो इथं?" ते सापडेपर्यंत त्यांची वेळ संपली. डोम राहिला तो राहिलाच.

डोम म्हणजे कोलोनचं कॅथीड्रल. रेल्वे स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की समोर हे 157 मीटर काळपट दगड. मान मागे टाकून बघताना माझी पर्स पडली. बांधायला घेतलं 1248 साली. सोळाव्या शतकात काम थांबलं आणि अर्धवट बुरुजावरची लाकडी क्रेन पुढची तीनेकशे वर्षं तशीच उभी राहिली. 1842 मध्ये पुन्हा हात लागला, 1880 मध्ये पूर्ण झालं. मारुतीचं शेपूट बरं म्हणायचं. दुरुस्ती अजून चालूच असते, आणि डोमचं काम ज्या दिवशी संपेल त्या दिवशी जग बुडेल, असं कोलोनकर म्हणतात. नवरा म्हणाला, "डोंबिवलीतल्या रस्त्यांचंही असंच काहीतरी असेल."

त्याचा गुडघा कुरकुरतो, म्हणून बुरुजाच्या 533 पायऱ्या मी एकटीने चढले. गोल गोल अरुंद जिना, वरून उतरणारे पोटं आत घेतायत, आपण भिंतीला चिकटतोय. मधे घंटा लागतात. त्यातली मोठी 24 टनांची, आणि तिचं लाडाचं नाव चक्क 'जाडा पीटर'. वरून दिसतं ते जाळीतून. खरं सांगू? नाही चढलात तरी चालेल. नवरा तेवढा वेळ खाली बाकावर बसून दक्षिणेकडची खिडकी बघत होता, आणि फायद्यात तोच राहिला. गेरहार्ड रिष्टर या चित्रकाराने 2007 मध्ये केलेली ही खिडकी. देव नाही, संत नाही, नुसते रंगीत काचेचे चौकोन. 72 रंग आणि अकरा हजारांहून जास्त तुकडे. मी धापा टाकत आले तेव्हा ऊन फिरलं होतं आणि याच्या पांढऱ्या शर्टावर रंगपंचमी झाली होती. "हलू नकोस," म्हटलं. तीन दिवसांतला माझा सगळ्यात चांगला फोटो तोच आहे.

आता खाण्याचं. कारण दुसरा प्रश्न तोच असतो: "पण तुम्ही खाल्लंत काय?" आम्ही मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. पहिल्या संध्याकाळी जुन्या गावठाणातल्या एका ब्रुअरीत शिरलो. लांब लाकडी टेबलं, अनोळखी लोकांना खेटून बसायचं. निळ्या एप्रनमधला वाढपी आला. त्याला तिथं 'क्योबेस' म्हणतात आणि तिरकं बोलणं हा त्याचा हक्कच मानतात. नवऱ्याने क्योल्श मागवली. मी पाणी मागितलं. क्योबेस गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सोबत साबण आणि टॉवेल आणू?" मला राग आला. मग शेजारच्या आजोबांनी समजावलं की हा इथला ठरलेला विनोद आहे, पिढ्यान् पिढ्या पाणी मागणाऱ्याला हेच ऐकवतात. म्हणजे पेठेतल्या दुकानदाराने "बघायचंय की घ्यायचंय?" विचारावं तसं. राग गेला, आपलंच कुणी भेटल्यासारखं वाटलं. पाणी मात्र आलं ते बुडबुड्यांचं, म्हणजे आपला सोडा.

क्योल्श ही इथली फिकट, हलकी बीअर. क्योल्श हे नाव कोलोन आणि लगतच्या परिसरातल्या बीअरलाच लावता येतं. ती येते 200 मिलीच्या उभ्या, बारीक ग्लासात. आपल्याकडे पन्ह्यालासुद्धा याहून मोठा ग्लास देतात. पण खुबी पुढे आहे. ग्लास रिकामा झाला की क्योबेस न विचारता दुसरा ठेवतो आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. हिशोब तोच. नको असेल तर चकती ग्लासावर झाकायची. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा आपला दर वेळी नम्रपणे "थँक यू" म्हणत होता आणि ग्लास येत होते. आग्रह करकरून वाढणाऱ्या घरात वाढलेला माणूस, ताटावर आडवा हात धरायचा असतो हे त्याला कळायला हवं होतं.

मेन्यूत 'हाल्व्हर हान' दिसलं. फोन म्हणाला, अर्धा कोंबडा. आम्ही पान उलटलं. आजोबा पुन्हा मदतीला आले. हा कोंबडा म्हणजे राय या धान्याचा पाव, त्यावर बोटभर जाड गौडा चीज, कच्चा कांदा आणि मोहरीची चटणी. कोंबड्याचं पीसही नाही! नाव असं का पडलं याच्या तीन कथा त्यांनी सांगितल्या, तिन्ही एकमेकींच्या विरुद्ध. तीन दिवसांत आम्ही असे पाच कोंबडे खाल्ले. दुसरा आधार 'रायबेकूखन'चा. किसलेल्या बटाट्याची कडेने कुरकुरीत तळलेली थालिपीठं, आणि बरोबर सफरचंदाचा गोड गर. मला उपासाची आठवण झाली, नवऱ्याला लिंबाच्या लोणच्याची. 'स्वर्ग आणि पृथ्वी' नावाचाही एक पदार्थ असतो: झाडावरचं सफरचंद म्हणजे स्वर्ग, जमिनीतला बटाटा म्हणजे पृथ्वी. त्यावर रक्ताचं सॉसेज असतं, ते वगळून मागितलं. क्योबेसने खांदे उडवले, पण आणलं.

चॉकलेट म्युझियम बघितलं, ठीक आहे, नातवंडं असतील तर न्या. कोलुंबा हे म्युझियम मात्र चुकवू नका. दुसऱ्या महायुद्धात या शहराचा मधला भाग जवळजवळ सगळा बेचिराख झाला. डोमवर 14 मोठे बॉम्ब पडूनही तो उभा राहिला, जवळचं सेंट कोलुंबा चर्च राहिलं नाही. एका खांबावरची मेरीची मूर्ती तेवढी वाचली. तिच्याभोवती 1950 मध्ये छोटं प्रार्थनाघर बांधलं, आणि त्या सगळ्यावर 2007 मध्ये पीटर त्सुम्टोर या स्विस वास्तुकाराने राखाडी विटांचं म्युझियम उभारलं. भिंतीत वरच्या बाजूला विटा मुद्दाम विरळ रचल्यात, त्यातून उजेड झिरपतो. खाली पडक्या भिंती, रोमन काळापासूनचे पाये, आणि त्यावरून वळत जाणारी लाकडी वाट. आत कबुतरं घुमतात. मी वर बघते तर एकही कबुतर नाही. म्युझियम बांधण्याआधी या अवशेषांत राहणाऱ्या कबुतरांचा आवाज एका कलाकाराने ध्वनिमुद्रित करून ठेवला होता, तोच ऐकवतात. गॅलरीला जाळी लावून वर्षानुवर्षं कबुतरांशी भांडणारी मी, तिथं अर्धा तास त्यांना ऐकत बसले. नवऱ्याने घड्याळ बघितलं नाही.

आणि हो, यूडीकोलोन! ताप आला की आई कपाळावर त्याच्या पट्ट्या ठेवायची, तो शब्द म्हणजे नुसतं 'कोलोनचं पाणी' हे मला पन्नाशीत कळलं. फारिना या इटालियन कुटुंबाची पेढी इथं 1709 पासून आहे. दुसरा प्रसिद्ध ब्रँड 4711, हा चक्क घरक्रमांक आहे. शहर फ्रेंचांच्या ताब्यात असताना घरांना नंबर दिले, त्यातला. त्यांच्या दुकानात या पाण्याचं छोटं कारंजं आहे. मी रुमाल भिजवला आणि नाकाशी धरला. सहामाही परीक्षा, गोवर, आईच्या बांगड्यांचा आवाज, सगळं आलं. नवऱ्याने काही विचारलं नाही. बाटली त्यानेच घेतली.

शेवटच्या संध्याकाळी ऱ्हाईनवरच्या रेल्वे पुलावरून चालत पलीकडे गेलो. कठड्याच्या जाळीला प्रेमिकांची कुलपं, टनावारी. किल्ली नदीत फेकायची असते. "लावायचं का आपण?" म्हटलं. म्हणाला, "घराचं नीट लावलंयस ना, ते आधी सांग." पलीकडच्या किनाऱ्याला कोलोनकर 'शेल झिक' म्हणतात, म्हणजे तिरळी बाजू. आमच्याकडे स्टेशनच्या पूर्वेचे लोक पश्चिमेबद्दल बोलतात त्याच सुरात. पण डोम अख्खा दिसतो तो त्या तिरळ्या बाजूनेच. दिवे लागेपर्यंत पायऱ्यांवर बसलो, मग उलट चालत आलो आणि त्याच ब्रुअरीत, त्याच क्योबेसकडे. या वेळी मी पाणी मागितलं नाही.

ती पुठ्ठ्याची चकती मी पर्समध्ये घालून आणली. तिच्यावर नऊ रेघा आहेत. त्यातल्या माझ्या किती, हे तुम्ही विचारलेलं नाही.