हिशेबाची स्क्रिप्ट, टप्पा ३: 'रु.५००'चे पन्नास पैसे कसे झाले

कोष्टकातली रक्कम मजकूर म्हणून येते: '₹१,२३,४५६.५०', 'रु.५००', '५००/-'. मजकुराची दशांश संख्या करणारा पायथनचा फ्लोट देवनागरी आकडे बिनतक्रार घेतो, पण स्वल्पविराम दिसला की व्हॅल्यू-एरर देऊन थांबतो. हे चांगलंच आहे. जावास्क्रिप्टमध्ये हेच काम करणारा पार्सफ्लोट '1,23,456'चा मुकाट्याने 1 करतो आणि बेरीज बिघडल्याचं शेवटपर्यंत कळत नाही.

या टप्प्यातली सगळ्यात वाईट चूक मात्र साफसफाईतच होती. 'आकडे आणि टिंब सोडून बाकी सगळं काढा' हा नियम 'रु.५००'वर लावला, की 'रु' जातो आणि त्याचं टिंब उरतं: '.५००'. म्हणजे ०.५. एरर नाही, इशारा नाही. म्हणून आता क्रम असा: आधी 'रु.', '₹' आणि '/-' अख्खे काढायचे, मग स्वल्पविराम, आणि त्यानंतरही काही अनोळखी उरलं तर ती ओळ बाजूला ठेवायची. ओढूनताणून संख्या करायची नाही.

पैशांसाठी फ्लोट सोडून डेसिमल (दशांश अंक जसेच्या तसे साठवणारा पायथनचा प्रकार) घेतलाय. फ्लोटमध्ये २.६७५ ही बायनरीत किंचित कमीच साठते, त्यामुळे राउंडने दोन स्थळांवर २.६७ येतं. डेसिमलला रक्कम मजकूर म्हणूनच द्या. आधी फ्लोट करून दिलीत तर तीच चूक आत जाते. शिवाय डेसिमलचं मूळ धोरण हाफ-ईव्हन आहे: बरोबर मध्यावरची रक्कम सम अंकाकडे जाते, म्हणजे २.६६५चे २.६६ होतात. २.६७ हवे असतील तर ठरावीक स्थळांपर्यंत आणणाऱ्या क्वांटाइझला राउंड-हाफ-अप (मध्यावर असेल तर वर) सांगावं लागतं.

छापताना पायथनचा स्वल्पविरामाचा फॉरमॅट 1,234,567.50 देतो. लाख-कोटींसाठी छोटं फंक्शन पुरतं: टिंबाआधीच्या भागातले शेवटचे तीन अंक वेगळे, उरलेल्यांच्या उजवीकडून जोड्या. वजा चिन्ह आधी बाजूला काढा, नाहीतर -५००चं '-,५००' होतं. ब्राउझरात हे लिहायचीही गरज नाही; जावास्क्रिप्टच्या 'Intl' (इंटल) मधल्या नंबरफॉरमॅटला मराठी-भारत लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) आणि दोन दशांश स्थळं दिली, की '१२,३४,५६७.५०' देवनागरी आकड्यांतच मिळतं. पण तो मजकूर फक्त दाखवायला. पार्सफ्लोटला देवनागरी आकडे कळत नाहीत, तो नॅन ('संख्या नाही') परत करतो. साठवायची ती मूळ डेसिमल रक्कमच.

पुढचा टप्पा: शून्य-रुंदीची जागा, म्हणजे रुंदी नसलेलं अदृश्य अक्षर. पीडीएफमधून चिकटवलेल्या रकमेत ती डोळ्यांना दिसत नाही आणि कडेच्या मोकळ्या जागा काढणाऱ्या स्ट्रिपनेही जात नाही.