बोललेल्या कैद्याच्या मागे कसं उभं राहायचं

आजचा सगळा दिवस तुरुंगातल्या मारहाणीच्या तक्रारी वाचण्यात गेला. बहुतेक तक्रारी खऱ्या वाटतात, पण तारीखच नसते. मग चौकशीत टिकणार काय?

मुलाकतीहून, म्हणजे कैद्याला तुरुंगात भेटून, बाहेर पडल्यावर लगेच लिहून काढा: कैद्याचा नंबर, बराक, मारहाणीची तारीख-वेळ, अंगावर कुठे वळ, कोणी पाहिलं. वळ काही दिवसांत विरतात आणि सीसीटीव्हीवर नवं चित्रण चढतं. म्हणून वैद्यकीय तपासणी आणि चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी न्यायालयात द्या. न्यायालयासमोर व्हिडिओवरून होणाऱ्या पेशीत (हजेरीत) शिपाई शेजारीच उभा असू शकतो, तिथे कोण तोंड उघडणार? प्रत्यक्ष हजर करण्याची मागणी करा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही.

एकांतवास ही न्यायालयाने द्यायची शिक्षा आहे, तुरुंग अधिकाऱ्याच्या रागाची नव्हे. कायद्यात ती एका वेळी १४ दिवसांपेक्षा जास्त नाही, एकूण ३ महिन्यांपेक्षा जास्त नाही. 'सुरक्षेसाठी वेगळं ठेवलंय' म्हणाले तर लेखी आदेश मागा.

तिहारमधल्या सुनील बत्रांनी दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल पाठवलेलं साधं पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानलं, १९७९ चा तो निकाल अर्जात जरूर लिहा.

आणि तक्रारीनंतर हात सोडू नका. भायखळ्याच्या तुरुंगात २०१७ मध्ये कैदी मंजुळा शेट्येच्या मृत्यूनंतर आवाज उठवणाऱ्या कैदी बायकांवरच दंगलीचा गुन्हा लागला होता. तक्रार करणाऱ्याची मुलाकत चुकवू नका, अचानक बदली झाली तर नवा तुरुंग त्याच दिवशी शोधा, प्रत्येक अर्जाची पोच घ्या.