आकाशचं आकात

सकाळी मी निघता निघता आईने मिरच्यांचा हिशोब काढला. "संकेश्वरी दीड किलो, बेडगी एक. तू असणार की नसणार ते सांग गं, म्हणजे मसाला किती करायचा ते ठरेल." एप्रिलचा दुसरा आठवडा. ठाण्यात चरईतल्या आमच्या गॅलरीत पेपरावर धने वाळत होते. मी म्हटलं, "तीनपर्यंत सांगते."

"तीनचा मुहूर्त आहे की काय?"

मुहूर्तच म्हणायचा. गेली तीन वर्षं मी थायलंडमध्ये नाखोन राचासीमा या शहरात, बँकॉकपासून साधारण २६० किलोमीटरवर, एका शाळेत इंग्रजी शिकवते. तिथली शाळा मेच्या मध्यावर सुरू होते आणि मार्चमध्ये संपते, म्हणून उन्हाळ्यात मी ठाण्याला येते. कॉन्ट्रॅक्ट एकेका वर्षाचं. या वेळी रिन्यू करायचं की नाही हे कळवायची शेवटची वेळ होती त्या दिवशी तिथले साडेचार. त्यांचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, म्हणजे आपले तीन. नाही कळवलं तर माझ्या जागी दुसरं कुणी. व्हिसाची मुदत कॉन्ट्रॅक्टलाच बांधलेली, त्यामुळे तोही गेला. येताना परत शिरण्याच्या परवान्याचे १,००० बाट भरले होते, ते पाण्यात.

आणि त्याच दिवशी अकराला घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत माझा डेमो होता, म्हणजे नोकरीआधी घेऊन दाखवायचा नमुन्याचा तास.

एवढं घुटमळण्याचं कारण पैसे नव्हतं. निदान फक्त पैसे नव्हतं. मला २८,००० बाट मिळतात, सत्तर-ऐंशी हजार रुपयांच्या घरात. शेजारच्या वर्गात तेच पुस्तक शिकवणाऱ्या इंग्लंडच्या मुलाला ३८,०००. त्याची पदवी हॉटेल मॅनेजमेंटची, माझं बी.एड. पण नोकरीच्या जाहिरातीतच 'नेटिव्ह स्पीकर' लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे मोजके देश. भारतात कुणी जन्मभर इंग्रजीत शिकलं, इंग्रजीत भांडलं तरी तो नेटिव्ह नाही. गोऱ्या परदेशी माणसाला तिथे 'फरांग' म्हणतात, हाच शब्द पेरूलाही आहे. आपल्यासारख्यांना 'खॅक'. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. पाहुण्याने पगार विचारू नये, हे ओघानेच आलं.

हेही मी गिळलं असतं. मला बोचायचा तो कॉरिडॉरमधला बोर्ड. परदेशी शिक्षकांचे फोटो, खाली नाव, नावाशेजारी झेंडा. माझ्या नावाशेजारी काहीच नाही. पहिल्याच आठवड्यात शिक्षक पुरवणाऱ्या एजन्सीच्या बाई गोड हसून म्हणाल्या होत्या, पालकांनी विचारलं नाही तर आपण होऊन देश सांगू नका. तीन वर्षं मी त्या मोकळ्या चौकोनाखालून वर्गात जाते आहे.

तर डेमो. कापूरबावडीपासून पुढे मेट्रोच्या खांबांमधून बस जी रांगायला लागली, की कासारवडवलीला पोचेपर्यंत साडीची इस्त्री गेली. सातवीचा वर्ग, चाळीसेक मुलं. मागच्या बाकावर तिघं: मुख्याध्यापिका, को-ऑर्डिनेटर मॅडम आणि एक ट्रस्टी सर. विषय दिला होता उच्चार. वेळ पंचवीस मिनिटं.

मी फळ्यावर लिहिलं: बत, फुतबॉन. ओळखा, कुठल्या भाषेतले शब्द? कुणी चिनी म्हणालं, कुणी कोरियन. म्हटलं, इंग्रजी. माझी थायलंडमधली मुलं बसला बत म्हणतात आणि फुटबॉलला फुतबॉन. वर्ग खिदळला. हसण्यात थोडा तोरा होता, आमचं बघा कसं बरोबर. मी तो तसाच राहू दिला.

मग दुसरी ओळ लिहिली: आहान, आकात. हे शब्द इंग्रजी नाहीत, खास थाई. पहिला म्हणजे जेवण, दुसरा म्हणजे हवा.

ही गंमत मला तिथे दुसऱ्या वर्षी कळली. तोवर मी मुलांच्या जिभेशी भांडत होते. बस म्हण, स् म्हण, दात जवळ आण. इंग्लंडचा मुलगाही तेच करायचा. मग एकदा शाळेच्या कॅन्टीनबाहेरची पाटी अक्षरं लावत वाचली आणि चक्रावले. लिहिलेलं होतं आहार, बायका म्हणत होत्या आहान. थाईत शब्दाच्या शेवटी र किंवा ल आला की त्याचा न होतो, आणि स, श आला की त. संस्कृतातून गेलेल्या शब्दांनाही त्यांनी हाच नियम लावला. नगरचं नाखोन झालं. आमच्या शहराचं नाव म्हणजे नगर राजसीमा, हेही तेव्हाच उलगडलं. गुरूचं ख्रू, भाषेचं फासा, वेळेला वेला. त्यांची लिपीही आपल्यासारखी ब्राह्मीच्या कुळातली, व्यंजनं क-ख पासूनच सुरू होतात, फक्त ४४ आहेत. म्हणजे माझी मुलं चुकत नव्हती. शेकडो वर्षांत त्यांच्या भाषेने पाहुण्या आलेल्या प्रत्येक शब्दाला जे केलं, तेच ती बसला करत होती. दुसऱ्या दिवसापासून मी चुका काढणं बंद केलं. आधी त्यांचा नियम त्यांच्याकडूनच वदवून घेतला, मग म्हटलं, इंग्रजी बोलताना हा नियम खिशात ठेवा. सगळ्यांचं सुधारलं असं नाही. पण मुलं तोंड उघडायला लागली.

इथे सातवीत मात्र शांतता. आहान, आकात. कुणाला काही सुचेना. खिडकीशी बसलेला एक मुलगा, तोवर पेनाचं टोपण चावत होता, हळूच म्हणाला, "मिस... आकाश?"

मी काही बोलायच्या आत तो उभाच राहिला. "आकाशचं आकात. बसचं बत. मग आहान म्हणजे आहार! बॉलचं बॉन झालं ना, तसं."

पंधरा सेकंदांत. मला एक वर्ष लागलं होतं.

"मग नगरचं काय होईल?" मी विचारलं. मीही मराठीतच विचारलं, भान राहिलं नाही.

"नगन," तो म्हणाला, आणि अर्थातच सगळा वर्ग फुटला. त्या हसण्यात मागून को-ऑर्डिनेटर मॅडमचा आवाज आला: इंग्लिश प्लीज, धिस इज नॉट अ मराठी पीरियड. मुलगा खाली बसला. टोपण परत तोंडात. मी फळ्यावर नाखोन लिहिलं, पुढची दहा मिनिटं रीतसर घेतली, वाक्यं म्हणवून घेतली. त्याच्याकडे तीनदा पाहिलं, तो खिडकीबाहेर बघत होता.

ऑफिसात चहा आला. ट्रस्टी सर खूश होते. "मॅडम, तुमचं ते भाषाशास्त्र वगैरे छान हो. पण आपल्या पालकांना काय हवं असतं? एक्स्पोजर. तुमचा फोटो आपण ॲडमिशनच्या फ्लेक्सवर टाकू. फॉरेन रिटर्न्ड फॅकल्टी. फक्त कुठून ते नको लिहायला, थायलंड म्हटलं की लोकांच्या डोक्यात भलतंच येतं." मग ते जरा पुढे झुकले. "आणि बोलताना तो थोडासा ॲक्सेंट आणता येईल का?"

मला आधी हसू आलं. तिथे बोर्डावर माझा देश नको होता, इथे फ्लेक्सवर तिथला देश नको.

पगाराचं त्यांनी फार सहज सांगितलं. बँकेत ४२,००० जमा होतील, त्यातले १२,००० दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत ऑफिसात रोख आणून द्यायचे. मूळ सर्टिफिकेटं त्यांच्याकडे राहतील. ज्यांना खासगी शाळा माहीत आहेत त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. नवीन मलाही नव्हतं, सात वर्षांपूर्वी हेच करून मी बाहेर पडले होते. सरकारी वाट धरायची तर परीक्षा, शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, आणि नंबर लागलाच तर आधी तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पगार नाही, मानधन. त्याचं मानधन २०२३ मध्ये वाढलं ते माध्यमिकला १८,००० झालं, तेही आधीच्या दुपटीहून जास्त म्हणून. वयाच्या सदतिसाव्या वर्षी ते जमणारं नाही. "विचार करून कळवते" म्हणून मी उठले.

जिन्यात मधली सुट्टी झालेली. तो मुलगा धावत माझ्यापाशी आला. "मिस, केसचं काय होईल?"

"तू सांग."

"केत." आणि पळाला.

रिक्षा मानपाड्याला अडकली तेव्हा दोन चाळीस झाले होते. थायलंड म्हणजे काही स्वर्ग नाही. तिथे मुलगा नापास होत नाही, 'सोप सोम' असते, म्हणजे दुरुस्तीची परीक्षा. मूल दुरुस्त होईपर्यंत पेपर सोपा करत न्यायचा, अशी माझी त्यावरची टीका. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. सुटीच्या महिन्याचा पगार परत गेलं तरच. पण वर्गाचं दार लावलं की आत मी काय करते यात कुणी पडत नाही. मुलांच्या भाषेचा शब्द फळ्यावर लिहिला म्हणून कुणी मागून ओरडलेलं नाही. इथल्या खिडकीतल्या त्या मुलासाठी राहावं, असंही एकदा वाटून गेलं. मग आठवलं, राहिले असते तरी 'इंग्लिश प्लीज' मलाच म्हणायला लागलं असतं. नोकरीच्या अटींतच ते होतं.

दोन बावन्नला मोबाइलवर फॉर्म भरला. रिन्यू: हो. खाली शेऱ्याची जागा होती, दरवर्षी मी ती रिकामी सोडते. या वेळी लिहिलं: पगाराबद्दल मे महिन्यात बोलू. बोर्डावर माझ्या नावाशेजारी भारताचा झेंडा लावावा, तो लागणार नसेल तर आत्ताच कळवावं.

पाठवला. रिक्षावाले काका आरशातून म्हणाले, "ताई, कापूरबावडीला उतरून चालत गेलात तर लवकर पोचाल." मी म्हटलं, बसते, आता घाई नाही.

तीन वाजून सहा मिनिटांनी विभागप्रमुख बाईंचं उत्तर आलं. तिथे सगळे लाइन नावाचं ॲप वापरतात. शब्द एकही नाही, नुसतं स्टिकर: एक तपकिरी अस्वल, दोन्ही हात जोडून वाकलेलं. तीन वर्षं झाली तरी मला या अस्वलाचा अर्थ लागत नाही. हो, माफ करा, धन्यवाद, बघू, काहीही असू शकतं.

आईला फोन केला. तिने हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "किती किलो?"